सहाव्या फिफ्टीला काय बिघडतं?

पत्र

ताई, मी सोळा वर्षांची आहे. २०० मीटर फ्रीस्टाइल ही माझी मुख्य इव्हेंट. २५ मीटरच्या टँकमध्ये माझं बेस्ट टायमिंग २:१४.५ आहे आणि गेले दहा महिने ते तिथंच अडकलंय. आमचे सर रोज पाच-साडेपाच हजार मीटर पोहून घेतात, त्यातलं बरंचसं सावकाश. मी वाचलं, की रेसच्या वेगानं छोटे छोटे तुकडे मारले की टायमिंग उतरतं आणि बाकीचे मीटर वाया जातात. म्हणून आठवड्यातून तीनदा, सराव संपल्यावर, मी एकटीच २० फिफ्टी, म्हणजे ५० मीटरचे २० तुकडे, मारायला लागले. मध्ये २० सेकंद विश्रांती. मला २:१० हवेत, म्हणून १३० ला ४ नं भागून फिफ्टीला ३२.५ सेकंदांचा वेग धरला. पाच होतात. सहावीला ३४ लागतात, दहावीपर्यंत ३७. तरी मी वीस पूर्ण करतेच, कारण मध्ये सोडलं तर रेसमध्येही सोडायची सवय लागेल असं वाटतं. महिना झाला. रेसमध्ये काडीचा फरक नाही, उलट उजवा खांदा दुखायला लागलाय. माझ्यात ताकदच कमी आहे का? सरांचा लांबचा सराव सोडून द्यावा का? पुढची स्पर्धा ५० मीटरच्या टँकमध्ये आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.
ता. क. एक बावळट प्रश्न: कितवी चाललीय हेच मी पोहता पोहता विसरते.
— सहावीला ढेपाळणारी

उत्तर

आधी खांदा. बाकी सगळं आठ-पंधरा दिवस थांबलं तरी बिघडत नाही.

'दुखतोय' म्हणजे नेमकं कसं, हे तू लिहिलेलं नाहीस. सरावानंतर स्नायू जड होणं वेगळं, आणि हात डोक्यावर नेताना खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येणं वेगळं. हे दुसरं होत असेल, किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर घरी सांग, सरांना सांग आणि डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखव. मलम चोळून पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. दुखणं जाईपर्यंत हा सेट पूर्ण बंद.

आता हे दुखणं आलं कुठून, त्याचा अंदाज तुझ्याच पत्रात आहे. सहावीपासून विसावीपर्यंत पंधरा फिफ्टी तू वेग गेल्यावर मारतेस. म्हणजे ७५० मीटर, ३० लांब्या (एक लांबी म्हणजे टँकचं एक टोक ते दुसरं). एका लांबीला १८ हात, म्हणजे हाताचे १८ फटके, धरले तर एका दिवसाचे ५४० हात. आठवड्याला तीन दिवस, चार आठवडे: सहा हजारांच्या वर. आणि हे सगळे हात दमलेले. कोपर खाली पडलेलं, पंजा पाणी पकडायच्या ऐवजी घसरतोय, श्वासाला डोकं जास्त वर येतंय आणि त्याचा भार खांद्यावर. दुखण्याचं कारण हेच, असं इथं बसून मी ठामपणे सांगू शकत नाही. पण तू महिनाभर कशाचा सराव केलास, हे मात्र सांगू शकते: सदतीस सेकंदांच्या फिफ्टीचा.

ताकदीचा प्रश्न बाजूला ठेवू आणि तुझा भागाकार तपासू.

१३० भागिले ४ बरोबर ३२.५. गणित म्हणून चोख, पोहण्याच्या दृष्टीनं चूक. रेसमधली पहिली फिफ्टी ब्लॉकवरून उडी मारून सुरू होते, उरलेल्या तीन भिंतीला पाय लावून. उडीचा वेग फुकटात मिळतो, म्हणून पहिली फिफ्टी नेहमीच बरीच कमी वेळात जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पॅन झानलेनं १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत मारली. तो विश्वविक्रम होता. त्यातली पहिली फिफ्टी २२.२८ ची आणि दुसरी २४.१२ ची. हा जवळजवळ दोन सेकंदांचा फरक सगळा दमण्याचा नाही, त्यात उडीचा मोठा वाटा आहे. तुझ्या २:१० चा खरा हिशेब साधारण असा निघेल: पहिली ३०.१, आणि पुढच्या तिन्ही ३३.३ च्या. सरावात तू उडी मारत नाहीस, पुश मारतेस. तेव्हा तुझ्या स्वप्नातल्या रेसचासुद्धा सरावाचा वेग ३३.३ आहे. तू धरलास ३२.५. म्हणजे स्वतःच्या स्वप्नापेक्षाही पुढे पळायला निघालीस!

आणि तू आज जिथं आहेस तिथून बघ. २:१४.५ म्हणजे पहिली ३१ ची धरली, तर पुढच्या तिन्ही ३४.५ च्या. ३४.५ वरून ३२.५ ऐकायला फक्त दोन सेकंद वाटतात. पण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद साधारण घनानं. वेग सहा टक्के वाढवायचा तर ताकद वीस टक्क्यांच्या आसपास जास्त लागते. हिशेब ढोबळ आहे, पुश आणि टर्न त्यात धरलेले नाहीत, पण चित्र कळायला पुरे. धावणाऱ्याला हवेत असा दंड भरावा लागत नाही. आपल्याला प्रत्येक दशांशाला भरावा लागतो. वीस टक्के जास्त ताकद लावून तू पाच फिफ्टी मारतेस, मध्ये फक्त वीस सेकंद थांबून. 'माझ्यात ताकद कमी आहे का' याचं उत्तर तुला मिळालं असेल.

तर ३४.० धर. म्हणजे आजच्या तुझ्या रेसच्या वेगाहून साडेचार टक्क्यांच्या आसपास जास्त ताकद. रेसमध्ये तो वेग टिकला तर ३०.५ आणि तीन वेळा ३४, म्हणजे २:१२.५. हो, २:१० नाही. ते पुढच्या टप्प्यावर.

शिवाय सुरुवात फिफ्टीनं नको, पंचवीसनं कर. १७.० सेकंदांत २५ मीटर, आणि दर ३५ सेकंदांनी निघायचं. म्हणजे १८ सेकंद विश्रांती आपोआप मिळते. इतका छोटा तुकडा का, ते सांगते, कारण 'छोटं म्हणजे सोपं' असा बऱ्याच जणांचा गैरसमज असतो.

स्नायूत तयार इंधनाचा एक छोटा साठा असतो, क्रिएटिन फॉस्फेटचा. शिवाय स्नायूतल्या मायोग्लोबिनला चिकटलेला थोडा ऑक्सिजन. वेगानं निघालं की पहिल्या काही सेकंदांचा खर्च बऱ्याच अंशी ह्यातून भागतो. थांबलं की हा साठा परत भरायला लागतो, आणि भरण्याचा सगळ्यात जोमाचा काळ सुरुवातीचाच. सतरा सेकंद पोहून अठरा सेकंद थांबलं, की साठा पूर्ण नाही पण कामापुरता भरतो. चौतीस सेकंद पोहलं तर तो बराच खाली जातो, ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय जाळायचं काम वाढतं, आणि तेवढ्याच विश्रांतीत भरपाई होत नाही. १९६० साली स्वीडनमध्ये इर्मा ओस्ट्रँड, पेर-ओलोफ ओस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सायकलीवर मोजून दाखवलं. तासाभराचं एकूण काम सारखं, काम आणि विश्रांती यांचं प्रमाणही सारखं, फक्त तुकड्यांची लांबी वेगळी. अर्ध्या मिनिटाचे तुकडे केले तेव्हा रक्तातलं लॅक्टेट (ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज जाळलं की तयार होतं ते) कमी राहिलं आणि काम निभलं. तीन मिनिटांचे तुकडे केले तेव्हा लॅक्टेट खूप चढलं आणि माणूस पार गळाला. काम तेवढंच! म्हणून लहान तुकड्यात तुला रेसच्या वेगाचे जास्त मीटर मिळतात. एका दमात २०० मीटर रेसच्या वेगानं दिवसातून किती वेळा मारशील? एकदा, फार तर दोनदा. पण पंचवीसचे चोवीस तुकडे केलेस की त्याच वेगाचे ६०० मीटर पदरात पडतात.

ह्या कल्पनेला आज जे रूप आहे, त्यामागे मुख्य नाव ब्रेंट रशाल यांचं. ते अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टेट विद्यापीठात व्यायामशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी ह्या पद्धतीला अल्ट्रा-शॉर्ट रेस-पेस ट्रेनिंग असं नाव दिलं. तू वाचलंस ते बहुधा ह्याच पद्धतीबद्दल. पण वाचताना तुकडे, वेग आणि विश्रांती एवढंच तू उचललंस. तिचा कणा आहे तो नियम राहूनच गेला.

नियम असा. ठरलेला वेळ एकदा चुकला, की पुढचा तुकडा पोहायचा नाही. भिंतीला धरून थांबायचं आणि त्याच्या पुढच्याला निघायचं. पोहलेल्यांपैकी लागोपाठ दोन चुकले, किंवा सगळे मिळून तीन चुकले, की सेट संपला. मग सोळा झालेले असोत की अकरा. संपला म्हणजे संपला.

हा नियम दिसतो त्याहून अवघड आहे, आणि तुझ्यासारख्या जिद्दी मुलीला तर फारच. म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

तू म्हणतेस, मध्ये सोडलं तर रेसमध्येही सोडायची सवय लागेल. मीही नवी नवी कोच झाले तेव्हा असंच मानायचे. टँकच्या काठावरून पळत पळत ओरडायचे, "सोडू नकोस, मार, मार!" आणि पोरं मारायचीही बिचारी. चेहरे लालबुंद, हातपाय वेडेवाकडे, आणि बाहेर आल्यावर आम्हा सगळ्यांनाच वाटायचं की आज काहीतरी घडलं. घडायचं एवढंच, की पुढचे दोन दिवस त्यांचा वेग यायचा नाही. "बाहेर ये, आजचं झालं" हे वाक्य शांतपणे म्हणायला मला काही वर्षं लागली. आजही ते म्हणताना पालकांकडे बघायचं मी टाळते.

शरीराला तुझी जिद्द कळत नाही, केलेली हालचाल कळते. सतरा सेकंदांची पंचवीस मारताना हाताची लय, पाण्यावरची पकड, अंगाची पातळी आणि पायांचा ठेका यांचा एक ठरावीक मेळ असतो. साडेअठराची मारताना तो मेळ वेगळा असतो. दमल्यावर तू जे मारतेस ते १७ चं 'थोडं हळू' रूप नसतं, ती हालचालच दुसरी असते. ती तू घोटून घोटून पक्की केलीस, आणि रेसमध्ये शेवटच्या पन्नासला नेमकी तीच बाहेर आली. वाईट अक्षरात पाढे गिरवले की पाढे येतात, पण अक्षर बिघडतं. आपल्या खेळात मार्क अक्षरालाच आहेत.

थांबण्याचा नियम हा काही आजच्या पिढीचा लाडावलेपणा नाही. इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजे जोराचे तुकडे आणि मध्ये विश्रांती, धावण्यात रुजवणारे जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर डॉक्टर हर्बर्ट राइन्डेल यांच्याबरोबर काम करत होते. त्यांच्याकडे धावपटूच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १८० पर्यंत चढवायचे, मग ते १२० वर उतरायची वाट बघायची. नव्वद सेकंदांत उतरले नाहीत, तर वेग तरी जास्त झाला किंवा त्या दिवसाचं काम तरी संपलं. त्यांचाच शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ साली ८०० मीटर १:४६.६ मध्ये धावला आणि तो विक्रम सोळा वर्षं टिकला. तेव्हा सांगायचं इतकंच, की थांबायला शिकलेला माणूस रेसमध्ये ढिला पडतो असं काही नसतं.

आणि चुकलेला तुकडा म्हणजे नापास होणं नव्हे, ती त्या दिवसाची नोंद आहे. वहीत दोन आकडे लिही: पहिल्या चुकीच्या आधी सलग किती झाले, आणि एकूण किती झाले. आज ९ आणि १४. तीन आठवड्यांनी १३ आणि १९. ही तुझी प्रगती, स्पर्धेची वाट न बघता दिसणारी. एकही न चुकता चोवीस झाले, असे लागोपाठ दोनदा झाले, की वेग थोडा चढवायचा. सगळे तुकडे रोजच आरामात होत असतील तर वेग हळू आहे. पाचातच चुकत असेल तर वेग खोटा आहे. चुकणं अपेक्षितच आहे, फक्त ते उशिरा उशिरा व्हायला हवं.

पण हे सगळं घड्याळ खरं असेल तरच. इथं माझी एक कबुली. तुझ्या वयात मी चोरायचे. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा लाल काटा ६० वर यायच्या आधीच पाय सुटायचे माझे, आणि टच होताना नजर काट्यावर जरा आधीच जायची. दोन्हीकडून अर्धा अर्धा सेकंद. वहीत वीसपैकी वीस. रेसमध्ये मात्र घड्याळ दुसऱ्याच्या हातात असायचं!

तेव्हा काही गोष्टी आधीच पक्क्या कर. काट्यावर नजर ठेवून एक सेकंदापेक्षा बारीक वाचता येत नाही, आणि आपलं भांडण दशांशांचं आहे. काठावर स्टॉपवॉच घेऊन कुणीतरी हवं. हातातल्या स्टॉपवॉचमध्येही एक-दोन दशांश इकडे तिकडे होतातच, त्यामुळे १७.१ ला चुकलं म्हणून रडू नकोस आणि १६.९ ला नाचू नकोस. १७.० हे उद्दिष्ट, १७.३ च्या पुढे गेलं की चूक, असं मी धरते. फिफ्टी सुरू केल्यावर हा गोंधळ कमी होतो, कारण तेवढाच हातचा फरक दुप्पट अंतरावर पसरतो.

दुसरं, शेवट हातानं करायचा की पायानं हे ठरव. रेसमध्ये मधली प्रत्येक लांबी पायापासून पायापर्यंत मोजली जाते. टर्न मारून पाय भिंतीला लागले की ती संपते. सरावात तू पायानं सुटतेस आणि हातानं टच करतेस, म्हणजे कोलांटीचा वेळ वाचतो. अर्धा ते एक सेकंद असा चोरीला जातो आणि चोरी कळतही नाही. शक्यतो टर्न पूर्ण कर, पाय टेकल्यावर वेळ घे आणि मगच थांब. टर्नचाही सराव होतो. सुरुवातीला काठावरच्या माणसाला ते टिपणं जड जाईल, दोन दिवसांत सवय होते.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: हात मोज. ताज्या अंगानं १७.० ला किती हात लागतात ते बघ. समज १७ लागले. बाराव्या तुकड्यालाही वेळ १७.० आला, पण हात २० झाले, तर तो वेळ तू पकडीवर नाही, नुसता हात फिरवून काढलास. तो रेसमध्ये टिकणार नाही. एखादा हात वाढला तर चालतं. दोनच्या पुढे वाढले की माझ्याकडे तो तुकडा चुकलेला धरतात. हा नियम रशाल यांचा नाही, माझा आहे. भिंतीवरून सुटल्यावर पाण्याखाली रेसमध्ये जेवढ्या डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायच्या लाथा) मारतेस तेवढ्याच मार. चार तर चार. दमल्यावर पहिला बळी त्यांचाच जातो. श्वासही रेसमध्ये घेतेस तसाच घे. श्वास रोखून धरायचे प्रयोग ह्या सेटमध्ये अजिबात नकोत.

आणि हो, 'एकटीच' हा शब्द मला पत्रात टोचला. दमलेल्या अंगानं, रिकाम्या टँकमध्ये, काठावर कुणी नसताना जोराचा सेट मारायचा नाही. ह्यावर चर्चा नाही.

आता सरांकडे वळू. लांबचा सराव सोडून द्यावा का?

रशाल यांचं मत टोकाचं होतं. रेसच्या वेगानं नसलेलं बहुतेक पोहणं निरुपयोगी, असं ते मानत. ड्रिल, बोर्ड घेऊन किक, जिम, सगळ्यावर त्यांनी काट मारली. ह्या पद्धतीनं वाढलेला सगळ्यात प्रसिद्ध जलतरणपटू म्हणजे अमेरिकेचा मायकेल अँड्र्यू, वडिलांच्याच हाताखाली तयार झालेला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये २०० मीटर वैयक्तिक मेडलेच्या (चारही स्ट्रोक एकानंच पोहायचे) अंतिम फेरीत तो १५० मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या फ्रीस्टाइलच्या पन्नासला तो असा कोसळला की पाचवा आला. पद्धतीच्या विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. पण त्याच स्पर्धेत ४ बाय १०० मेडले रिलेमध्ये ब्रेस्टस्ट्रोकचा टप्पा तोच पोहला, आणि त्या चौघांनी ३:२६.७८ च्या विश्वविक्रमानं सुवर्ण मिळवलं. आता ह्यातून काय सिद्ध झालं? माझ्या मते काहीच नाही. एका माणसाच्या एका रेसवरून पद्धत ना तरते ना बुडते. एवढं मात्र मला वाटतं, की ५० आणि १०० वाल्याला जे बहुतांशी पुरेल ते २०० वाल्याला पुरेलच असं नाही.

तुझी रेस सव्वादोन मिनिटांची आहे. त्यातली अर्ध्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजन वापरून तयार होते. आणि ती अठरा सेकंदांची विश्रांती आठवते? त्यात रिकामी झालेली टाकी भरणारा नळ हाच, ऑक्सिजनचा. नळ किती मोठा हे हृदय, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आणि स्नायूंतली मायटोकाँड्रिया यांवर ठरतं, आणि हे सगळं वाढवण्यात सरांच्या त्या कंटाळवाण्या मीटरांचा मोठा हात आहे. तुझा चौदावा तुकडा वेळेत येतो तो त्यांच्या जिवावर. म्हणून मीटर सोडू नकोस. पण रोज साडेपाच हजार आणि त्यावर रेसच्या वेगाचं काहीच नाही, हेही मला पटत नाही. सावकाश पोहून सावकाश पोहणं छान जमतं. मला दोन्ही हवंय, आणि ते एकमेकांवर चढवून नाही, एकमेकांच्या जागी.

इथंच तुझी मोठी चूक झाली. पाच हजार मीटरनंतर तू हा सेट मारत होतीस. हा सेट ताज्या अंगाचा आहे. हजारेक मीटर वॉर्म-अप, त्यात तीन-चार पंचवीस हळूहळू वेग वाढवत, आणि लगेच हा. मग उरलेले मीटर सावकाश. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. तिसरा दिवस खांदा महिनाभर गप्प राहिला तर बघू.

सरांना हे सांगायचं कसं, ह्याची भीती तुझ्या पत्रात शब्दांमागे दिसते. "मी वाचलंय की तुमचा सराव वाया जातो" असं म्हणालीस तर ते ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही. त्यांच्याकडे खांद्याची गोष्ट घेऊन जा. "सर, मी तुम्हाला न सांगता सराव संपल्यावर जादा फिफ्टी मारत होते, खांदा दुखावून घेतला," असं सरळ सांग. रागावतील, रागावू दे. मग विचार, "आठवड्यातून दोन दिवस वॉर्म-अपनंतर वीस मिनिटं मला रेसच्या वेगाचं काही द्याल का? वेळ तुम्ही घ्याल का?" ही शेवटची विनंती विसरू नकोस. स्टॉपवॉच हातात घेतलेला कोच त्या सेटचा अर्धा मालक होतो. पंधरा मिनिटांत चोवीस वेळा तुझे हात मोजल्यावर त्यांना तुझ्या पोहण्यात असं काही दिसेल, जे मला पत्रातून कधीच दिसणार नाही. ते म्हणाले की पंचवीस नको, फिफ्टीच मार, तर फिफ्टी मार. ३४.० च्या, दर ५५ सेकंदांनी. फक्त थांबण्याच्या नियमावर अडून बस.

एरवी क्रम असा ठेव. पहिले तीन-चार आठवडे पंचवीस. मग दोनपैकी एक दिवस फिफ्टी, आणि त्या वीस कधीच होणार नाहीत हे आधीच समजून. आठ-दहा झाल्या तरी सुरुवातीला उत्तम. ३४.० जमले की ३३.७, ते जमले की ३३.३. तुझा २:१० तिथं उभा आहे. किती महिन्यांत, हे विचारू नकोस, खांद्याला विचार. स्पर्धेच्या आधीचे दहा-बारा दिवस संख्या निम्मी कर, वेग तोच ठेव.

५० मीटरच्या टँकचं थोडक्यात. तिथं टर्न निम्म्याहून कमी: २०० मीटरला सातऐवजी तीन. पुशचा फुकटचा वेग कमी मिळतो, म्हणून त्याच पोहणाऱ्याचं टायमिंग तिथं काही सेकंदांनी जास्त येतं. तुझं दोन्हीकडचं बेस्ट वजा कर, जो फरक येईल तो तुझा स्वतःचा. तेवढा धरून स्पर्धेचं उद्दिष्ट मांड. लोक उलटी गल्लत करतात: ५० मीटरच्या टँकमधल्या रेसचा वेग काढतात आणि २५ मीटरच्या टँकमध्ये तोच मारतात. मग सगळेच तुकडे वेळेत येतात आणि माणूस खूश! तुझा सराव २५ मध्ये, तर वेग २५ चाच. स्पर्धेआधी दोन-तीनदा मोठ्या टँकमध्ये उतरायला मिळालं तर उत्तम. भिंतीशिवायचे मधले पंचवीस मीटर किती लांब वाटतात, ते आधी कळलेलं बरं.

आता तुझा बावळट नसलेला प्रश्न. मोजणं सगळ्यांचंच चुकतं, आणि तू तर प्रत्येक लांबीला हातही मोजणार आहेस. दोन्ही डोक्यात मावत नाही. चोवीसचे चार-चारचे सहा गट कर. आपल्या लेनच्या काठावर बाटल्यांची सहा झाकणं मांड. चार तुकडे झाले की एक झाकण उजवीकडे सरकव. अठरा सेकंदांत ते आरामात होतं. आणखी तीन झाकणं, वेगळ्या रंगाची, डावीकडे ठेव. एक तुकडा चुकला की त्यातलं एक उलटं कर आणि पुढचा तुकडा सोडून दे. तिन्ही उलटी झाली, किंवा लागोपाठ दोन उलटी करावी लागली, की गॉगल काढ, वहीत आकडे लिही आणि उरलेले मीटर सावकाश मारायला लाग.